हत्तीला कर्करोग कमी का होतो?

प्रश्न : श्रावण-भाद्रपदातल्या सोमवारी महाकालाची सवारी निघते, तेव्हा मनमहेश, म्हणजे महाकालाचंच एक रूप, हत्तीवर असतात. आम्ही भैरवगढहून दर्शनाला जातो. हत्ती पाहून मुलीनं विचारलं, "पेशी बिघडली की कर्करोग होतो, असं बाईंनी शिकवलंय. मग एवढ्या मोठ्या अंगात पेशी किती असतील! हत्तीला तर हा रोग आपल्यापेक्षा जास्त व्हायला हवा ना?" काय सांगू? शिवाय हत्तीजवळ काही उपाय असेल तर तो माणसाला देता येईल का?
– एक वाचक, भैरवगढ (उज्जैन)

उत्तर : मुलीला आधी शाबासकी द्या. हाच पेच ब्रिटिश संशोधक रिचर्ड पेटो यांनी 1977 मध्ये मांडला. माणसाच्या शरीरात 30 लाख कोटींहून अधिक पेशी असतात, हत्तीत त्याच्या कित्येक पट. प्रत्येक विभाजनात चूक होण्याचा धोका असतो आणि हत्ती साठ-सत्तर वर्षं जगतो. तरीही प्राणिसंग्रहालयांतल्या हत्तींच्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा कर्करोगाने मेलेले पाच टक्क्यांच्या आसपास निघाले. माणसांत हे प्रमाण 11 ते 25 टक्के आहे.

उत्तराचा एक मोठा भाग पी-53 नावाच्या प्रथिनात आहे. सस्तन प्राण्यांच्या ऊतींमध्ये सापडणारं हे नियामक प्रथिन, म्हणजे दुसऱ्या जनुकांना 'चालू हो', 'थांब' असे हुकूम देणारं. त्याचा शोध 1979 मध्ये लागला आणि पहिली दहा वर्षं उलटाच समज होता की ते कर्करोग घडवतं. 1989 च्या सुमारास उलगडलं की बिघडलेलं पी-53 कर्करोगाला वाट करून देतं, धडधाकट पी-53 मात्र त्याला अडवतं.

मला यातली सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट अशी, की निरोगी पेशीत हे प्रथिन जवळजवळ नसतंच. पेशी ते सतत बनवते आणि काही मिनिटांत मोडूनही टाकते. मोडण्यासाठी खूण करण्याचं काम एमडीएम-2 हे दुसरं प्रथिन करतं. किरणोत्सर्गानं किंवा रसायनानं डीएनए तुटला, की पी-53 वर फॉस्फेटचे गट चिकटतात, एमडीएम-2 ची पकड सुटते आणि साठा झपाट्यानं वाढतो. मग चार-चार रेणू एकत्र येऊन डीएनएला धरतात. नुकसान थोडं असेल तर विभाजन थांबवून दुरुस्तीला वेळ देतात. फार असेल तर पेशीला स्वतःला संपवायला लावतात. एमडीएम-2 नसलेले उंदीर गर्भातच मरतात, पण पी-53सुद्धा काढून टाकलं तर ते जन्माला येतात, असं 1995 मध्ये दिसलं. मोकाट सुटलेलं पी-53 किती घातक असतं, हे यावरून कळावं.

आता हत्ती. आपल्याला पी-53 बनवणाऱ्या जनुकाची आईकडून एक आणि वडिलांकडून एक प्रत मिळते. 2015 मध्ये दोन गटांनी दाखवलं, की आफ्रिकी हत्तीत प्रत्येक पालकाकडून सुमारे 20 प्रती येतात. आशियाई हत्तीत, म्हणजे सवारीतल्या हत्तीच्या जातीत, 15 ते 20. बऱ्याच प्रती अपुऱ्या आहेत, तरी त्यांचा एकूण परिणाम दिसतो : किरणोत्सर्गाचा मारा झाल्यावर हत्तीच्या पेशी माणसाच्या पेशींपेक्षा जवळपास दुपटीनं मरण पत्करतात. दुरुस्तीच्या भानगडीत पडण्यापेक्षा संशयित पेशीच काढून टाकायची, असा हा मार्ग. सगळ्या मोठ्या प्राण्यांचा मार्ग मात्र हा नाही. देवमाशांत अशा जादा प्रती सापडत नाहीत.

मग माणसाला जादा पी-53 का देऊ नये? 2002 मध्ये सतत जागं राहणारं पी-53 असलेले उंदीर तयार केले गेले. त्यांना कर्करोग कमी झाला, पण ते लवकर म्हातारे झाले : हाडं ठिसूळ, जखमा उशिरा भरणाऱ्या. चीननं 2003 मध्ये विषाणूतून पी-53 चं जनुक गाठीत सोडणारी उपचारपद्धती मंजूर केली, पण ती जगभर रुजली नाही. एमडीएम-2 ची पकड सोडवणाऱ्या औषधांच्या चाचण्या चालू आहेत.

तोवर जे आपल्याकडे आहे ते सांभाळणं आपल्या हातात आहे, आणि हे मी कळकळीनं लिहितो. तंबाखूच्या धुरातलं बेंझोपायरिन पी-53 च्या जनुकात नेमकं त्याच जागी चिकटतं, जिथं फुप्फुसाच्या कर्करोगात बदल आढळतात. 1996 मध्ये ते प्रयोगात दिसलं. तोंडाच्या कर्करोगातही हे जनुक वारंवार बिघडलेलं सापडतं.

काही थोड्या घराण्यांत बिघडलेली प्रत जन्मतःच येते. त्याला ली-फ्राउमेनी सिंड्रोम म्हणतात. लहान वयात, वेगवेगळ्या अवयवांचे कर्करोग एकाच घरात दिसत असतील, तर आनुवंशिक सल्ला घ्यावा. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात त्याची सोय आहे.