अकरावीचे विषय निवडताना : गुण काय सांगतात, काय सांगत नाहीत

दुकानातल्या तराजूच्या एका पारड्याला खालून गूळ चिकटलेला असला तर वजन चुकते. वस्तू तीच असते, दुकानदारही प्रामाणिक असतो. पण आकडा खरा नसतो. अशा वेळी शहाणे गिऱ्हाईक तराजू फेकून देत नाही. ते आधी रिकामी पारडी समान आहेत की नाहीत हे पाहते आणि मगच वजनावर विश्वास ठेवते.

दहावीची गुणपत्रिका हेही एक मोजमापच आहे. ती हातात पडली की घरात प्रश्न उभा राहतो : विज्ञान, वाणिज्य की कला? गणित घ्यावे की जीवशास्त्र? पाहुणे सल्ला देतात, शेजारी सल्ला देतात, आणि शेवटी सगळे त्या एका आकड्याकडे बघतात. तो आकडा कशाने मोजला होता, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. आज आपण तेच विचारू.

१. मोजपट्टी बदलली की माप बदलते

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या निकालाची टक्केवारी पाहा :

२०१८ — ८९.४१
२०१९ — ७७.१०
२०२० — ९५.३०
२०२१ — ९९.९५
२०२२ — ९६.९४

२०१९ साली राज्यातली मुले एकाएकी मंद झाली आणि पुढच्याच वर्षी हुशार झाली, असे कोणी म्हणेल काय? त्या वर्षी अभ्यासक्रम नवा होता, आणि भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांतले तोंडी व अंतर्गत परीक्षेचे २० गुण काढून टाकले होते. पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि निकालही वर गेला. मुले साधारण तशीच होती. बदलली ती मोजपट्टी.

२. महासाथीत काय झाले?

मार्च २०२० मध्ये दहावीची परीक्षा चालू असतानाच कोरोनाची साथ पसरली. शेवटचा भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि इतर विषयांच्या सरासरीवरून त्याचे गुण दिले गेले. २०२१ मध्ये तर संपूर्ण परीक्षाच रद्द झाली. मग दर १०० गुणांपैकी ५० गुण नववीच्या निकालावरून, ३० गुण दहावीतल्या शाळेच्या लेखी मूल्यमापनावरून आणि २० गुण तोंडी, प्रात्यक्षिक व अंतर्गत कामावरून धरण्यात आले.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. ही मुले नववीत होती ते वर्ष २०१९-२०. त्या वर्षी साथीमुळे नववीची दुसऱ्या सत्राची परीक्षाच झाली नव्हती. म्हणजे दहावीचे निम्मे गुण ज्या निकालावर उभे होते, तो निकालही अपुऱ्या परीक्षेवर उभा होता! त्या वर्षी ९५७ विद्यार्थ्यांना पैकीच्या पैकी गुण मिळाले. अकरावीच्या प्रवेशासाठी २१ ऑगस्ट २०२१ रोजी वेगळी सामाईक परीक्षा घेण्याचे ठरले होते. परंतु १० ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने तीही रद्द केली. सबब तीच गुणपत्रिका घेऊन मुलांनी विषय निवडले.

हे फक्त आपल्याकडेच घडले असे नाही. इंग्लंडमध्ये २०२० साली परीक्षा रद्द झाल्यावर शिक्षकांनी दिलेल्या श्रेणी एका गणिती सूत्राने दुरुस्त करण्यात आल्या. त्यात सुमारे ४० टक्के श्रेणी खाली आल्या. मोठा गहजब झाला आणि १७ ऑगस्टला ते सूत्र मागे घ्यावे लागले. न झालेली परीक्षा कोणत्याही सूत्राने भरून काढता येत नाही, हाच त्याचा अर्थ.

आपल्या २०२१ च्या तुकडीने २०२३ मध्ये बारावीची परीक्षा पूर्ण अभ्यासक्रमावर दिली. बारावीचा त्या वर्षीचा निकाल ९१.२५ टक्के लागला. दोन्ही आकड्यांतली मुले अगदी तीच नव्हेत, त्यामुळे यांची थेट वजाबाकी करू नका. पण दहावीला झाकलेले काही उणे बारावीला उघडे पडले, एवढे म्हणता येईल.

३. तुमचा याच्याशी काय संबंध?

‘आमची दहावीची परीक्षा तर नीट होणार किंवा झाली आहे, मग हे आम्हांला कशाला?’ असे तुम्ही म्हणाल. तर हिशेब करा. २०२०-२१ मध्ये जे पाचवीत होते, ते २०२५-२६ मध्ये दहावीत आले. पाचवी-सहावी म्हणजे अपूर्णांक आणि दशांश अपूर्णांक शिकण्याची वर्षे. त्या काळात सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ होती, नागपूर आकाशवाणीवर ‘शाळेबाहेरची शाळा’ होती, २०२१ च्या जुलैत सेतू अभ्यासक्रम आला. पण ज्या घरात एकच फोन होता आणि तो वडिलांसोबत कामावर जात होता, त्या घरातल्या मुलाचे काय झाले असेल?

अपूर्णांक कच्चे राहिले तर गुणोत्तर कच्चे राहते. गुणोत्तर कच्चे राहिले तर वेग, घनता, द्रावणाची संहती हे सारे धूसर होते. मग अकरावीच्या भौतिकशास्त्रात मुलगा अडतो आणि म्हणतो, ‘मला भौतिकशास्त्र आवडत नाही.’ खरे म्हणजे त्याला सहावीतला एक पाठ आलेला नसतो.

या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच : ‘आवडत नाही’ आणि ‘शिकायचे राहून गेले’ या दोन गोष्टी आतून अगदी सारख्या वाटतात. विषय निवडण्याआधी त्या वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत.

४. स्वतःची चाचणी घ्या

उदाहरणासाठी आपण खापा हे गाव घेऊ. नागपूर जिल्ह्यात, सावनेर तालुक्यात, कन्हान नदीच्या काठी हे गाव आहे. येथे हातमागाचा जुना धंदा आहे. जवळच गुमगावची मँगनीजची खाण आहे. भोवताली संत्र्याच्या बागा आहेत. तेव्हा प्रश्नही तिथलेच घेऊ. कागद-पेन्सिल घ्या, पुस्तक मिटून ठेवा.

(१) गणित : एक विणकर एक काम ६ दिवसांत पुरे करतो, दुसरा तेच काम १२ दिवसांत. दोघांनी मिळून केले तर किती दिवस लागतील?

(२) गणित : य = २क्ष + ३. क्ष ची किंमत १ ने वाढली तर य किती वाढेल? क्ष ५ असो वा ५००, उत्तर बदलेल का?

(३) भौतिकशास्त्र : एक पंप दर सेकंदाला ३ लिटर पाणी १० मीटर उंचीवर चढवतो. त्याला निदान किती वॅट शक्ती लागेल? प्रत्यक्षात जास्त का लागते?

(४) रसायनशास्त्र : मँगनीज डायऑक्साइड व हायड्रोक्लोरिक आम्ल यांच्या अभिक्रियेत मँगनीज क्लोराइड, पाणी आणि क्लोरीन मिळतात. मँगनीज डायऑक्साइडच्या एका रेणूस आम्लाचे किती रेणू लागतील? ऑक्सिडीकरण कशाचे झाले? (हे कागदावरच सोडवा. क्लोरीन विषारी आहे. घरी प्रयोग करू नये.)

(५) जीवशास्त्र : एका बागायतदाराने नवे खत दिले आणि त्या वर्षी संत्र्याची फळगळ कमी झाली. खतामुळेच ती कमी झाली असे ठरवायला तुम्ही काय कराल?

(६) वाणिज्य : एका विणकराने ४,००० रुपयांचे सूत उधार आणले आणि साड्या ७,००० रुपयांना रोख विकल्या. त्याच्याजवळ ७,००० रुपये आहेत. हा सगळा त्याचा नफा आहे का?

(७) कला शाखा : ‘खाप्यात हातमाग का टिकला किंवा का कमी झाला?’ हे शोधायला तुम्ही कोणाकोणाला, कोणते पाच प्रश्न विचाराल?

उत्तरे शेवटी आहेत. पण आधी प्रत्येक प्रश्नापुढे एक अक्षर लिहा.
अ — उत्तर आले, आणि धाकट्या भावंडाला समजावूनही सांगता आले.
ब — उत्तर आले, पण ‘का’ ते सांगता आले नाही.
क — सुरुवातच करता आली नाही.

‘क’ आला म्हणून विषय सोडू नका. तो प्रश्न ज्या पाठातला आहे तो पाठ शोधा. सहावीचा असला तरी लाजू नका. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर फुकट मिळतात. रोज अर्धा तास याप्रमाणे एक आठवडा त्यावर खर्च करा आणि तशाच प्रकारचा दुसरा प्रश्न सोडवा. ‘क’ चा ‘ब’ किंवा ‘अ’ झाला, तर तुमच्यात दोष नव्हता; पाठ राहून गेला होता. आठवड्यानंतरही काही हलले नाही, आणि अभ्यासाला बसावेसेच वाटले नाही, तर मात्र त्याचा विचार करा.

दुसरी चाचणी याहून सोपी आहे. अकरावीच्या पुस्तकातला पहिला पाठ उघडा, चार पाने वाचा, पुस्तक मिटा आणि काय समजले ते दहा ओळींत लिहा. असे तीन दिवस, तीन विषयांचे करा. ज्या विषयाची पाचवी पाने आपण होऊन उलटावीशी वाटली, तो विषय मनात टिपून ठेवा.

५. कोणते दार कोठे उघडते?

आवड आणि तयारी पाहिली, आता वाट पाहू.

अभियांत्रिकी पदवीच्या बहुतेक शाखांसाठी बारावीला भौतिकशास्त्र व गणित हवे. वैद्यकीय शिक्षणासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हवे. औषधनिर्माणशास्त्राला भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांसोबत गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक चालते. कृषी पदवीलाही यांपैकी कोणताही गट चालतो. सनदी लेखापाल कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला होता येते. बारावीनंतरचा पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम कोणत्याही शाखेनंतर करता येतो, आणि स्पर्धा परीक्षा कोणत्याही पदवीनंतर देता येतात.

यावरून दिसते की विज्ञानाकडून वाणिज्य किंवा कलेकडे वळता येते. उलट वाट बहुधा बंद असते. पण म्हणून ‘असू द्या, विज्ञानच घ्या’ असे म्हणणे बरोबर नाही. दार उघडे असून उपयोग काय, जर दोन वर्षांत पाय थकून गेले? ज्याला हिशेबात किंवा समाजाच्या प्रश्नांत गोडी आहे, त्याच्यासाठी वाणिज्य आणि कला या खालच्या पायऱ्या नव्हेत.

गणित की जीवशास्त्र हे ठरतच नसेल, तर दोन्ही घेता येतात. मात्र तेव्हा निर्णय टळत नाही, पुढे ढकलला जातो. आणि त्याची किंमत जास्त अभ्यासाने द्यावी लागते. ‘माझ्या उण्या जागा भरायच्या आहेत, सहा महिने द्या’ असे ज्याचे प्रामाणिक उत्तर आहे, त्याला हा मार्ग योग्य.

दहावीनंतरच्या आणखी दोन वाटा विसरू नका. तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका घेऊन पुढे अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळू शकतो. आयटीआयमध्ये वीजतंत्री, जोडारी असे दोन वर्षांचे व्यवसाय शिकता येतात. ज्या तालुक्यात कोळसा व मँगनीजच्या खाणी आणि खापरखेड्याचे वीजकेंद्र आहे, तेथे अशा कौशल्याला मागणी असते.

६. अर्ज भरण्यापूर्वी

२०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश सबंध राज्यात ऑनलाइन झाला. त्याआधी तो नागपूर शहरात तसा होता. खाप्यासारख्या गावी नव्हता. तेव्हा मोठ्या भावाचा अनुभव जसाच्या तसा वापरू नका. त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचा. पसंतीक्रम भरण्यापूर्वी महाविद्यालयात जाऊन चार गोष्टी विचारा : प्रत्येक विषयाला शिक्षक आहेत का? प्रयोगशाळा आठवड्यातून किती वेळा उघडते? विषय बदलायची शेवटची तारीख कोणती? जाण्यायेण्याला रोज किती वेळ आणि पैसा लागेल? खाप्याहून नागपूर सुमारे ३५ किलोमीटर आहे. रोज तीन तास बसमध्ये गेले, तर ते तीन तास कोठून वजा होतील, तेही लिहून काढा.

७. शिक्षकांसाठी

अकरावीच्या पहिल्या पंधरवड्यात पाठ पुढे नेण्याऐवजी अशीच एक बिनगुणांची चाचणी घ्यावी. एकूण गुण मांडू नयेत. अपूर्णांक, आलेख, एकके, समीकरणाचा तोल, प्रयोगाचे निरीक्षण असे रकाने करून कोण कोठे अडते ते मांडावे. वर्गाला एक साधा प्रश्न विचारावा : ‘सूक्ष्मदर्शकातून स्वतः पाहिलेले किती जण?’ वर आलेले हात मोजले की पहिले प्रात्यक्षिक कोणते घ्यायचे ते आपोआप ठरेल. आणि विषय बदलून मागायला आलेल्या विद्यार्थ्याला अर्जाआधी तो एक आठवड्याचा उपाय जरूर करायला लावावा.

उत्तरे : (१) १/६ + १/१२ = १/४, म्हणून ४ दिवस. ‘९ दिवस’ असे उत्तर आले असेल तर अपूर्णांकांचा पाठ पुन्हा पाहा. दोघे मिळून काम करताना एकट्यापेक्षा जास्त दिवस कसे लागतील? (२) २ ने, कोठेही तेवढेच. (३) ३ × ९.८ × १० = २९४ वॅट. नळीतील घर्षण आणि मोटरमधील उष्णता यांमुळे प्रत्यक्षात जास्त लागते. (४) ४ रेणू; त्यांपासून पाण्याचे २ आणि क्लोरीनचा १ रेणू मिळतो. ऑक्सिडीकरण हायड्रोक्लोरिक आम्लाचे झाले. (५) त्याच बागेतल्या, त्याच वयाच्या काही झाडांना खत द्यावे, काहींना देऊ नये. पाणी सारखे द्यावे आणि दोन्हींकडील गळलेली फळे मोजावी. (६) नाही. सुताचे ४,००० देणे आहेत. उरलेल्या ३,००० मधून मजुरी व इतर खर्च वजा जाता राहील तो नफा. (७) याला एक ठराविक उत्तर नाही. तुमचे पाच प्रश्न वेगवेगळ्या माणसांसाठी असतील, म्हणजे विणकर, सूत विकणारा, साडी घेणारी बाई, आणि हा धंदा सोडून गेलेला तरुण, तर तुमची वाट बरोबर आहे.