यष्टीमधु आणि वृक्कातील एक एन्झाइम : पदवी अभ्यासक्रमातील जीवरसायनशास्त्राविषयी

बी.ए.एम.एस.च्या प्रथम वर्षात क्रियाशारीराच्या अनुषंगाने जीवरसायनशास्त्राचा जो भाग अभ्यासावा लागतो, तो बहुतेक विद्यार्थी परीक्षेपुरताच पाठ करतात. प्रस्तुत लेखकही त्याला अपवाद नव्हता. क्रेब्ज चक्राच्या पायऱ्या क्रमाने लिहिल्या, मूत्रपरीक्षणासाठी बेनेडिक्टचे द्रावण तापविले, उत्तीर्ण झालो आणि वही माळ्यावर टाकली. अग्नी, दोष व धातू यांची भाषा अवगत झालेल्या वैद्याला पेशीतील रेणूंची उठाठेव कशाला, असाच त्या वेळी आम्हा सर्वांचा समज होता. तो समज पुढे एका रुग्णेने दूर केला.

सुमारे ५८ वर्षांच्या या बाई अम्लपित्तासाठी आल्या. रक्तदाबासाठी त्या मूत्रल गोळी घेत होत्या. ती नोंद मी केली, पण तिचा विचार केला नाही. यष्टीमधुचूर्ण ५ ग्रॅम दोन वेळा दिले. छातीतील दाह आठवड्यातच शमला, म्हणून तेच चूर्ण त्यांनी तीन महिने चालू ठेवले आणि मीही थांबविले नाही. त्यानंतर पायांवर शोथ आला, जिना चढताना मांड्या गळून जाऊ लागल्या, रक्तदाब १७०/१०० झाला. रक्तातील पोटॅशियम २.६ निघाले. (प्राकृत प्रमाण सामान्यतः ३.५ ते ५.) ज्या फिजिशियनकडे त्यांना पाठविले, त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ज्येष्ठमध देता का?"

याचे उत्तर त्या माळ्यावरच्या वहीत होते. अधिवृक्क ग्रंथीतून स्रवणारे अल्डोस्टेरॉन वृक्कनलिकेच्या पेशीतील रिसेप्टरला चिकटते. त्यामुळे सोडियम व पाणी शरीरात राखले जाते आणि पोटॅशियम मूत्रावाटे बाहेर पडते. कॉर्टिसॉल हे दुसरे संप्रेरक त्याच रिसेप्टरला तितक्याच सहजतेने चिकटू शकते आणि रक्तातील त्याचे प्रमाण अल्डोस्टेरॉनच्या शेकडो पट असते. तरीही निरोगी माणसाला सूज येत नाही, कारण त्या पेशींत ११-बीटा हायड्रॉक्सीस्टिरॉइड डिहायड्रोजिनेज (प्रकार २) हे एन्झाइम असते. ते कॉर्टिसॉलचे कॉर्टिसोनमध्ये रूपांतर करते आणि कॉर्टिसोन या रिसेप्टरवर निष्प्रभ ठरते. एन्झाइम हा येथे द्वारपाल होय. यष्टीमधुतील ग्लिसिरायझिनापासून आतड्यातील जिवाणू ग्लिसिरेटिनिक आम्ल तयार करतात आणि तेच या द्वारपालाला अडवून धरते. मग कॉर्टिसॉल आत शिरून अल्डोस्टेरॉनचे काम अनिर्बंध करू लागते. रुग्णेची मूत्रल गोळीही पोटॅशियम घटविणारी होती, त्यामुळे ऱ्हास दुहेरी झाला.

ही गोष्ट नवी नाही. रेव्हर्स या डच वैद्यकाने १९४६ साली ज्येष्ठमधाचा अर्क जठरव्रणात उपयुक्त ठरल्याचे नोंदविले, तेव्हाच काही रुग्णांना शोथ येतो हेही लिहिले होते. एन्झाइमची भूमिका मात्र १९८७-८८ च्या सुमारास स्पष्ट झाली.

यष्टीमधु मधुर, गुरु व स्निग्ध असल्याने कफ व क्लेद वाढून शोथ होईल, असे गुणांवरूनही सांगता येते आणि ते मला आधीच सुचायला हवे होते. परंतु पोटॅशियम किती घटले आणि हृदयाला धोका केव्हा, हे त्या अनुमानातून कळत नाही. चरकाचार्यांनी जीवनीय, वर्ण्य व कण्ठ्य गणांत सांगितलेल्या या द्रव्याची थोरवी त्यामुळे कमी होत नाही. माझी चूक मात्रेची, कालाची आणि रुग्ण न पाहण्याची होती. आयुर्वेदिक फार्माकोपिआत चूर्णाची मात्रा २ ते ४ ग्रॅम दिली आहे; मी १० ग्रॅम देत होतो. मुळात ग्लिसिरायझिन ४ टक्के धरले, तर रोज ४०० मिलिग्रॅम पोटात जात होते. युरोपीय संघाच्या अन्नविषयक वैज्ञानिक समितीने २००३ साली नित्य आहारासाठी १०० मिलिग्रॅमची मर्यादा सुचविली होती. ती आहाराची आहे, चिकित्सेची नव्हे. तरी अंतर डोळ्यांत भरते.

फार्मसीचालकांनीही येथे लक्ष घालावे. एकाच रुग्णाला कासाचे अवलेह, अम्लपित्ताची वटी आणि सुटे चूर्ण अशा तिन्हींतून यष्टीमधु मिळू शकते. वेष्टनावर घटकाचे केवळ नाव नव्हे, तर प्रतिमात्रा वजन स्पष्ट दिसेल असे छापले, तर वैद्याला बेरीज करता येते. बाह्य प्रयोगाच्या तैल-घृतांबाबत ही चिंता सहसा करावी लागत नाही.

त्या बाईंचे चूर्ण बंद केले, पोटॅशियम दिले गेले, पण रक्तदाब पूर्ववत होण्यास काही आठवडे लागले. आता उच्च रक्तदाब, हृद्रोग वा वृक्कविकार असलेल्यांना, तसेच मूत्रल किंवा डिगॉक्सिन घेणाऱ्यांना मी आभ्यंतर यष्टीमधु देत नाही. इतरांत चार आठवड्यांनी थांबून रक्तदाब पाहतो. माझ्याकडे येणाऱ्या आंतरवासितांना हे एन्झाइम मी त्या बाईंच्या केसपेपरवरूनच शिकवतो. प्रथम वर्षात एन्झाइमांची यादी पाठ करून घेण्याऐवजी अशी एखादी प्रकृती समोर ठेवली, तर मुलांना तो धडा वेगळा लिहून काढावा लागत नाही.