श्रेय किती आणि कोणाचे? फॉलिक अ‍ॅसिडच्या काही लेखांवरून

मराठीच्या विभागांत कालपर्यंत लेखावर एकच नाव असे. दोन किंवा तीन नावे, त्यांचा क्रम, त्यावरून होणारी धुसफूस, हा सारा मामला विज्ञानशाखेचा असे आपण मानत होतो. आता बोलींची पाहणी, लोकगीतांचे संकलन, मौखिक परंपरेचा अभ्यास अशी कामे दोघेतिघे मिळून करतात. मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांची नावे एकाच लेखावर येतात, आणि पदोन्नतीच्या अर्जात त्या नावांना गुण मिळतात. म्हणून लेखकत्व मोजण्याच्या पद्धती आपणही समजून घेतल्या पाहिजेत. त्यासाठी मी मुद्दाम वैद्यकातले उदाहरण घेतो. त्याचा उगम मुंबईत आहे आणि शेवट भाषेच्या प्रश्नापाशी होतो.

लूसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईत आल्या आणि हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करू लागल्या. मुंबईतल्या गरीब, कामकरी गरोदर बायकांमध्ये रक्तक्षयाचा एक गंभीर प्रकार दिसत होता. त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी पण आकाराने मोठ्या असत. बाई बाळंत होईपर्यंत ती जगेल की नाही याची खात्री नसे. ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये १९३० साली या अभ्यासाचे दोन भाग आले. पहिल्यावर विल्स आणि मेहता अशी नावे आहेत, दुसऱ्यावर विल्स आणि तळपदे. दुसरा भाग मुंबईतल्या स्त्रियांचा आहार आणि त्यांची राहणी यांच्या पाहणीचा आहे. त्याच वर्षी मार्गारेट बाल्फर आणि तळपदे यांचा गिरणीकामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या स्थितीवरचा लेख ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९३१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये विल्स यांनी एकट्याच्या नावाने लिहिले की यीस्टच्या अर्काने, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या मार्माइटने, हा रक्तक्षय बरा होतो. त्या अर्कातल्या तेव्हा अज्ञात असलेल्या द्रव्याला पुढे ‘विल्स घटक’ म्हणू लागले.

आता मोजू. विल्स यांचे तीन लेख आणि बाल्फर–तळपदे यांचा एक, असे चार लेख समोर ठेवू.

सर्वांत सोपी रीत संपूर्ण गणनेची. ज्याचे नाव आहे त्याला पूर्ण एक. विल्स यांना तीन, तळपदे यांना दोन, मेहता आणि बाल्फर यांना एकेक. बेरीज सात होते, लेख मात्र चारच. ही विसंगती टाळण्यासाठी अपूर्णांक गणना करतात, म्हणजे एका लेखाचा एकच गुण आणि तो सर्वांत सारखा वाटायचा. मग विल्स दोन, तळपदे एक, मेहता आणि बाल्फर अर्धा अर्धा. बेरीज चार, हिशेब चोख. तिसरी रीत पहिल्याच नावाला सारे देण्याची. तीत विल्स तीन, बाल्फर एक, तळपदे आणि मेहता शून्य. चौथीला हरात्मक गणना म्हणतात. पहिल्याला एक, दुसऱ्याला अर्धा, तिसऱ्याला एकतृतीयांश, आणि मग सगळ्याची बेरीज एक होईल असे प्रमाण लावायचे. दोन लेखक असतील तर वाटणी दोनतृतीयांश आणि एकतृतीयांश अशी होते. या रीतीने दोन लेखांवर नाव असलेल्या तळपदे यांच्या पदरात पाऊणही पडत नाही.

चारही रीती गणित म्हणून निर्दोष आहेत. त्यांची उत्तरे मात्र तळपदे यांच्यासाठी दोन, एक, शून्य आणि दोनतृतीयांश अशी येतात. कागद तेच, माणूस तेच.

क्रमावरून काही कळते का? थोडेफार कळते. विल्स हे आडनाव इंग्रजी वर्णक्रमात मेहता आणि तळपदे या दोघांच्याही नंतर येते, तरी ते पहिले आहे. म्हणजे तिथे वर्णक्रम पाळलेला नाही आणि पहिले नाव प्रमुखाचे आहे. ‘बाल्फर, तळपदे’ हा क्रम मात्र वर्णानुसारही बसतो आणि ज्येष्ठतेनुसारही. तो क्रम काहीच सांगत नाही, तरी मोजणारा त्यातून अर्थ काढतोच.

याचे याहून ठळक उदाहरण याच गोष्टीत पुढे आहे. पालकाच्या पानांतून १९४१ साली वेगळ्या काढलेल्या द्रव्याला पानाच्या लॅटिन नावावरून फॉलिक अ‍ॅसिड हे नाव पडले. त्याची रचना आणि कृत्रिम निर्मिती यांविषयीचा लेख १९४६ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. त्यावर सोळा नावे आहेत आणि सातवे नाव यल्लप्रगडा सुब्बाराव यांचे. सुब्बाराव हे लेडर्ले प्रयोगशाळेच्या संशोधनाचे संचालक होते. अपूर्णांक गणनेत त्यांना ६.२५ टक्के मिळतात. हरात्मक गणनेत पहिल्या नावाला सुमारे ३० टक्के आणि सुब्बाराव यांना जेमतेम ४ टक्के. पण नावे नीट वाचली की ध्यानात येते की पहिली आठ ‘ए’पासून ‘डब्ल्यू’पर्यंत वर्णक्रमाने आहेत आणि नववे पुन्हा ‘सी’पासून सुरू होते. दोन गट, दोन्ही वर्णक्रमाने. हरात्मक गणनेने इथे जे बक्षीस वाटले ते आडनावाच्या पहिल्या अक्षराला.

आणि १९९१ साली तर नावेच मागे सरली. ज्या स्त्रियांच्या आधीच्या गर्भात मज्जारज्जूचा दोष आढळला होता, त्यांनी गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक अ‍ॅसिड घेतले तर तो दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटते, हे ‘लॅन्सेट’मधल्या लेखाने दाखवले. सात देशांतली ३३ केंद्रे त्यात होती. लेखक म्हणून छापले आहे ते एका संशोधनगटाचे नाव. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेला एच-निर्देशांक आज नेमणुकांच्या वेळी सर्रास पाहिला जातो. किमान पाच लेखांना प्रत्येकी किमान पाच संदर्भ मिळाले असतील, पण सहा लेखांना सहा नसतील, तर निर्देशांक पाच. लेखावर एक नाव आहे की सोळा, याची हा निर्देशांक दखलही घेत नाही.

मोजणीच्या या अडचणींमुळे वैद्यकाच्या संपादकांनी वेगळी वाट धरली. व्हँकुव्हरला १९७८ मध्ये जमलेल्या संपादकांच्या गटातून पुढे जी समिती झाली, तिने लेखक कोणाला म्हणावे याच्या अटी घातल्या. आज त्या चार आहेत: कल्पना, आखणी, सामग्री किंवा विश्लेषण यांत भरीव वाटा, लेखन किंवा चिकित्सक पुनर्लेखन, अंतिम मसुद्याला संमती, आणि कामाची जबाबदारी. चारही पुऱ्या व्हायला हव्यात. ज्याने केवळ माहिती गोळा केली त्याची जागा ऋणनिर्देशात. अलीकडे ‘क्रेडिट’ नावाची चौदा भूमिकांची यादीही वापरतात. कल्पना कोणाची, पद्धत कोणाची, निधी कोणी आणला, संगणकप्रणाली कोणी लिहिली, पहिला मसुदा कोणाचा, हे तीत वेगवेगळे नोंदवता येते. मला ही यादी मोजणीपेक्षा बरी वाटते. पण चौदा भूमिकांत भाषांतर करणाऱ्याची किंवा दुभाष्याची भूमिका नाही.

ही उणीव आपल्याला जाणवली पाहिजे, कारण आहाराची पाहणी हे आधी भाषेचे काम असते. मुंबईतल्या कामकरी बायकांनी आपल्या जेवणाची माहिती इंग्रजीत दिली नसणार हे उघड आहे. ‘भाजी खाता का?’ असे विचारले तर बाई ‘हो’ म्हणते. तिच्या लेखी बटाटाही भाजी आणि मटकीची उसळही भाजी. फॉलिक अ‍ॅसिडसाठी ‘पालेभाजी’ हा नेमका शब्द विचारायला हवा, आणि ‘रोज काय खाता’ असे न विचारता ‘काल रात्री काय शिजवलं होतं’ असे विचारायला हवे. डोहाळ्यांचे नाव काढले की बाई मोकळी होते, ‘आहार’ म्हटले की सावध होते. ज्याला हे ठाऊक असते त्याच्यामुळे तक्त्यातला आकडा खरा ठरतो. तक्त्याखाली त्याचे नाव नसते.

हे काम संपलेले नाही. आज आपल्याकडे गरोदर स्त्रीला लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी १८० दिवस रोज घ्यायला सांगतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) ती १८० दिवस वा अधिक घेतलेल्या मातांचे प्रमाण २६ टक्के आले, आणि गरोदर स्त्रियांतला रक्तक्षय ५२.२ टक्के. गोळीचे रसायन केव्हाच उलगडले आहे. ती घेतली का जात नाही, मळमळीमुळे, मूल काळे होईल या समजुतीने, की बाळ मोठे होऊन बाळंतपण अवघड जाईल या भीतीने, हे कोणीतरी शेजारी बसून तिच्या बोलीत विचारल्याशिवाय कळत नाही. १९३०च्या त्या दुसऱ्या भागाची जात हीच.

आता आपल्या गुणपत्रकाकडे वळू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीत दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के गुण. म्हणजे एका लेखाचे १४० टक्के! दोनपेक्षा अधिक असतील तर पहिल्या, प्रमुख किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३०. दोघांच्या लेखात कोणाचेच फारसे जात नाही म्हणून आणखी एक नाव घालण्याचा मोह होतो, आणि तिघे झाले की पहिल्या जागेसाठी ओढाताण सुरू होते. गावोगाव फिरून दोनशे गाणी उतरवून आणणारी विद्यार्थिनी तिसऱ्या नावावर जाते. तिने विचारलेला प्रश्न, तिने समजून घेतलेला बोलीतला शब्द, हे सारे ‘सामग्रीसंकलन’ या एका शब्दात गडप होते. सूचीत तर आडनाव आणि आद्याक्षरे एवढेच उरते. कुलकर्णी, पाटील, नाईक यांची गर्दी, लग्नानंतर बदललेली आडनावे, गोव्यात तर एकाच घराण्याचे जुन्या कागदांत ‘कामोतीं’ आणि नव्यांत ‘कामत’. संशोधकाला सोळा अंकी ओळखक्रमांक देणारी ‘ऑर्किड’ ही सोय २०१२ पासून आहे. ती विद्यार्थ्यांनी पहिल्या लेखाच्या आधीच घ्यावी.

मराठीत याहून चांगला पायंडा आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह उभारला, त्यात लाखाहून अधिक ओव्या आहेत आणि ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव नोंदलेले आहे. ओवी तिने रचली की आईकडून घेतली, हा वाद त्या नोंदीने मिटत नाही, आणि मिटवण्याचा दावाही ती करत नाही. कोणाच्या तोंडून, कोणत्या गावी ऐकले, एवढेच ती सांगते. आपल्या वार्षिकांनी प्रत्येक लेखाखाली अशा चार ओळी मागाव्यात: प्रश्न कोणी विचारले, उत्तरे कोणी दिली, लेखी कोणी उतरवले, भाषांतर कोणी केले. गुण त्याला मिळणार नाहीत. जागा फार तर दोन इंच लागेल.