गायक कोठे गेला?

हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना आला असेल. एस.टी.त खिडकीशी बसून तुम्ही मोबाइलवर गाणे ऐकत आहात. तारेचे इअरफोन कानात आहेत. रस्त्यात खड्डा येतो, गाडी हादरते, तार थोडी ओढली जाते आणि एकाएकी चमत्कार होतो. गाणे बंद पडत नाही. तबला वाजतो, व्हायोलिन वाजतात, बासरीही ऐकू येते. पण गायक मात्र नाहीसा होतो! फार तर विहिरीच्या तळातून यावा तसा त्याचा अंधुक प्रतिध्वनी ऐकू येतो. तुम्ही तार चाचपता, मोबाइलमध्ये खोचलेली पिन नीट आत दाबता, आणि गायक जणू कोठेच गेला नव्हता अशा थाटात पुढची ओळ गाऊ लागतो.

बहुतेक जण पिन दाबतात आणि विसरून जातात. आपण मात्र विसरायचे नाही. मोडके यंत्र पुष्कळदा चांगल्या यंत्रापेक्षा जास्त शिकवते. गायक गेला तर वाद्ये का गेली नाहीत? या एका प्रश्नाचा धागा धरून इअरफोनच्या आत शिरू या.

वेटोळे, चुंबक आणि पडदा

जुना बिघडलेला इअरफोन मिळाला तर तो जपून उघडा. आत तीन मुख्य वस्तू दिसतील : एक छोटे चुंबक, केसासारख्या बारीक तारेचे वेटोळे आणि त्या वेटोळ्याला चिकटवलेला पातळ पारदर्शक पडदा. विद्युतप्रवाह वाहत असलेल्या तारेभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, हे अर्स्टेड या डॅनिश शास्त्रज्ञाने १८२० साली दाखवले. इअरफोन नेमका याच तत्त्वावर चालतो. वेटोळ्यातून प्रवाह एका दिशेने गेला की चुंबक त्याला आत ओढते. प्रवाह उलटला की बाहेर ढकलते. वेटोळ्याबरोबर पडदा हलतो, पडद्याबरोबर हवा हलते, आणि हवेची ती कंपने म्हणजेच आपल्याला ऐकू येणारा ध्वनी. प्रवाह सेकंदाला ४४० वेळा मागेपुढे झाला, तर ४४० हर्ट्झचा स्वर उमटतो.

असा श्रवणसंच पूर्वी चांगलाच जड असे. १९७९ च्या जुलै महिन्यात जपानच्या सोनी कंपनीने 'वॉकमन' हा खिशात मावणारा कॅसेटवादक विक्रीस आणला. त्याच्याबरोबर दिलेला श्रवणसंच जेमतेम ५० ग्रॅम वजनाचा होता. त्या काळचे घरगुती संच ३०० ते ४०० ग्रॅमपर्यंत भरत. त्या पहिल्या वॉकमनला श्रवणसंच जोडण्याची दोन भोके होती. एकट्यानेच गाणे ऐकत बसणे शेजारच्या माणसाला अपमानाचे वाटेल, अशी शंका तो बनवणाऱ्यांना आली होती! त्यावर एक नारिंगी बटणही होते. ते दाबले की गाण्याचा आवाज खाली जाई आणि आतल्या मायक्रोफोनमधून समोरच्याचे बोलणे ऐकू येई. पुढे १९८० च्या दशकात निओडायमियम धातूची अतिशय जोरकस चुंबके बनू लागली आणि इअरफोन बोराएवढा लहान करणे शक्य झाले.

पिनेवरच्या काळ्या रेघा

आता पिनेकडे नीट पाहा. तिच्यावर दोन किंवा तीन बारीक काळ्या रेघा दिसतील. त्या शोभेच्या नाहीत. त्या विद्युतरोधक पट्ट्या आहेत आणि त्या पिनेचे वेगवेगळे भाग करतात. दोन रेघांची पिन घेऊ. तिचे टोक डाव्या कानासाठी, मधले कडे उजव्या कानासाठी आणि बुडाचा भाग दोघांना मिळून. तीन रेघांच्या पिनेत चौथा भाग बोलण्याच्या मायक्रोफोनसाठी असतो.

डाव्या कानाचा प्रवाह टोकातून जातो, डाव्या वेटोळ्यातून फिरतो आणि बुडाच्या सामाईक वाटेने परततो. उजव्या कानाचेही तसेच. परतीची वाट तीच. म्हणजे जाण्याच्या वाटा दोन, येण्याची वाट एक.

पिन अर्धवट निसटली आणि नेमकी ही सामाईक वाट तुटली, तर काय होईल? प्रवाहाला परतायला एकच मार्ग उरतो : डाव्या वेटोळ्यातून उजव्या वेटोळ्यात. येथे दोन टाक्यांचा दृष्टान्त आठवा. दोन टाक्या तळाशी नळीने जोडल्या आहेत. दोन्हींत पाण्याची पातळी सारखी असेल, तर नळीतून पाणी वाहत नाही. पातळीत फरक असेल तरच वाहते. विजेचेही तसेच. डाव्या बाजूला एखाद्या क्षणी ५० मिलिव्होल्ट आणि उजव्या बाजूलाही ५० मिलिव्होल्ट असतील, तर फरक शून्य आणि प्रवाहही शून्य. डावीकडे ५० आणि उजवीकडे २० असतील, तर ३० मिलिव्होल्टच्या फरकामुळे प्रवाह वाहील.

आता स्टिरिओ गाणे कसे मुद्रित करतात ते पाहा. गायक समोर मधोमध उभा आहे असे वाटावे, म्हणून त्याचा आवाज डाव्या आणि उजव्या बाजूला अगदी सारखा ठेवतात. तबला थोडा डावीकडे, व्हायोलिन थोडी उजवीकडे, अशी वाद्ये मात्र पसरून ठेवतात. सामाईक वाट तुटली की दोन्ही बाजूंची वजाबाकी होते. गायक दोन्हीकडे सारखा, म्हणून तो वजा होऊन शून्य झाला. वाद्ये दोन्हीकडे कमीजास्त, म्हणून ती उरली. प्रतिध्वनीही दोन्ही बाजूंना थोडा निराळा असतो, म्हणून तो विहिरीतल्यासारखा मागे राहिला. गायक कोठेच गेला नव्हता. तुमच्या इअरफोनने फक्त एक वजाबाकी केली होती!

यावरून एक भाकीत करता येते. स्टिरिओ येण्यापूर्वीचे, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असलेले जुने गाणे लावून पिन अशीच किंचित ओढली, तर काय होईल? उत्तर तुम्हीच शोधा आणि मग पडताळून पाहा.

बोट लावलेला पंप

दुसरा अनुभव. इअरफोन कानातून काढून कानापासून दोन सेंटिमीटरवर धरा. गाणे पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे किरटे होते. ढोलक तर जवळजवळ नाहीसाच होतो. इअरफोन पुन्हा कानात घट्ट बसवला की ढोलक परत येतो. येथे तर काहीही तुटलेले नाही. मग असे का?

सायकलचा पंप आठवा. नळीचे तोंड मोकळे ठेवून दांडा दाबला तर हवा सहज निसटते, दाब वाढत नाही. तोंडावर बोट ठेवून दाबा, लगेच दाब जाणवतो. इअरफोनचा पडदा म्हणजे असाच इवला दांडा. ढोलकाच्या खर्ज स्वरात त्याची मागेपुढे हालचाल सावकाश होते. मोकळ्या हवेत पडद्यापुढची हवा तेवढ्या वेळात बाजूला सरकून जाते आणि दाब तयारच होत नाही. कानाच्या नळीत मात्र एक-दोन घन सेंटिमीटर हवाच कोंडलेली असते. तिला निसटायला वाट नसते, म्हणून पडद्याच्या सूक्ष्म हालचालीनेही तिचा दाब चांगला कमीजास्त होतो आणि ढोलक ऐकू येतो. इअरफोनबरोबर लहानमोठ्या मापाच्या रबरी टोप्या मिळतात, त्या याच कारणासाठी. ढोलक ऐकू येत नसेल तर आवाज वाढवण्याआधी टोपी बदलून पाहा. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग आहे.

खिशातला गुंता

तिसरा अनुभव सांगायलाच नको. सकाळी तार नीट गुंडाळून खिशात ठेवली, दुपारी काढली तर गाठीवर गाठ! हा आपला वेंधळेपणा, की निसर्गाचा काही नियम? अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठातील रेमर आणि स्मिथ या दोघांनी हा प्रश्न गंभीरपणे घेतला. त्यांनी एक दोरी पेटीत टाकली, पेटी यंत्राने गरगर फिरवली आणि गाठ पडली का ते पाहिले. हे त्यांनी ३,४१५ वेळा केले आणि २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. सुमारे ४६ सेंटिमीटरपेक्षा आखूड दोरीत गाठ जवळजवळ पडतच नाही. लांबी वाढली की शक्यता झपाट्याने वाढते आणि दर दोन वेळांत एकदा गाठ पडू लागते. पेटीत दोरीची वेटोळी होतात आणि तिचे मोकळे टोक वेणी घालावी तसे त्या वेटोळ्यांच्या वरून-खालून जात राहते. इअरफोनची तार मीटरभराहून लांब असते आणि तिला दोन नव्हे, तीन टोके असतात! तेव्हा उपाय स्पष्ट आहे : तार सैल गुंडाळा आणि टोके मोकळी ठेवू नका. मोबाइलभोवती आवळून गुंडाळू मात्र नका. एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवलेली तार तेथेच तुटते. म्हणूनच बिघाड बहुधा पिनेजवळ सापडतो.

हल्ली ब्लूटूथचे बिनतारी इअरफोन सर्रास दिसतात. त्यांत पिन नाही, म्हणून गायक नाहीसा होत नाही. तार नाही, म्हणून गुंताही नाही. पण एक गोष्ट त्यांनी बदललेली नाही. ती म्हणजे पलीकडचा कान.

जो सुटा भाग बाजारात मिळत नाही

पिन तुटली तर नवी मिळते, टोपी हरवली तर दुसरी मिळते. तुमच्या अंतर्कर्णात, गोगलगाईच्या शंखासारख्या नळीत, सुमारे पंधरा हजार केसपेशी आहेत. ध्वनीची कंपने त्यांचे सूक्ष्म केस हलवतात आणि त्यातून मेंदूकडे संदेश जातो. फार मोठा आवाज फार वेळ आदळत राहिला, तर या पेशी मरतात. पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा उगवतात, माणसात नाही. पहिला फटका बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या आवाजांना बसतो. दुखत काहीच नाही. फक्त वर्गात गुरुजी 'सात' म्हणाले की 'हात', असा गोंधळ होऊ लागतो.

किती आवाज म्हणजे फार? याचा हिशेब तुम्हांला करता येईल. ध्वनीची पातळी डेसिबेलमध्ये मोजतात. पातळी ३ डेसिबेलने वाढली की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. म्हणून सुरक्षित वेळ निम्मा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबेल आणि ४० तास ही मर्यादा सांगितली आहे. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला ५ तास. १० डेसिबेल वाढले की ऊर्जा दसपट होते; म्हणून ९० ला ४ तास आणि १०० डेसिबेलला केवळ २४ मिनिटे. तीही दिवसाला नव्हे, आठवड्याला! मुलांसाठी तर ८० च्या जागी ७५ डेसिबेलची मर्यादा सुचवली आहे. नीट न ऐकण्याच्या सवयीमुळे जगातील १२ ते ३५ वयाच्या शंभर कोटींहून अधिक लोकांच्या श्रवणशक्तीला धोका आहे, असे हीच संघटना सांगते.

आता पुन्हा एस.टी.त या. इंजिनाची घरघर मोठी, टोपी सैल, ढोलक ऐकू येत नाही. तुम्ही काय करता? आवाज वाढवता. घरघरीवर मात करण्यासाठी १० डेसिबेल वाढवलेत, तर सुरक्षित वेळाचा दहावा भाग उरला. घट्ट बसणारी टोपी बाहेरची घरघर अडवते आणि ढोलक आत कोंडते. मग कमी आवाजातही गाणे पुरेसे वाटते. पंपाच्या तोंडावरचे ते बोट तुमचा कान वाचवते.

पण हीच घट्ट टोपी रस्त्यावर वैरीण होते. मोटारीचा कर्णा, लोकलची शिटी, मित्राची हाक, सारेच ती अडवते. म्हणून नियम दोन : बसलेले असताना टोपी घट्ट आणि आवाज कमी, रस्त्यावर, सायकलवर आणि रुळांजवळ कान मोकळे.

करून पाहा

१. सकाळी शांत खोलीत एखादे गाणे लावा आणि आवाज कमी करत जा. ते जेमतेम ऐकू येते तो मोबाइलवरचा आकडा लिहून ठेवा. मिरवणुकीतून किंवा लांबच्या प्रवासातून आल्यावर त्याच खोलीत, त्याच गाण्याने पुन्हा पाहा. आकडा वाढला असेल तर कान थकले आहेत. त्यांना विश्रांती द्या. दुसऱ्या दिवशीही आकडा उतरला नाही किंवा कानात गुंऽऽ वाजत राहिले, तर घरच्यांना सांगून डॉक्टरांकडे जा.

२. शाळेतील संगणकाला मायक्रोफोनचे वेगळे गुलाबी भोक असेल, तर शिक्षकांच्या परवानगीने त्यात तारेचा इअरफोन खोचा, त्याच्याजवळ तोंड नेऊन बोला आणि ध्वनिमुद्रण करा. आवाज क्षीण का होईना, उमटतो! पडदा हलला की वेटोळे हलते आणि चुंबकाजवळ हलणाऱ्या वेटोळ्यात प्रवाह निर्माण होतो. फॅराडेने १८३१ साली दाखवलेले तत्त्व तुमच्या खिशात आहे.

३. विचार करा : ७५ डेसिबेलला आठवड्याला ४० तास, तर ८५ डेसिबेलला किती? उत्तर काढा आणि मग गेल्या आठवड्यात तुम्ही किती वेळ गाणी ऐकलीत, तेही प्रामाणिकपणे त्याच्या शेजारी लिहा.