गाडी ओळखावी कब्ज्यावरून

अगं, जुन्या गाड्या बघायचा नाद लागलाच आहे तर पहिली गोष्ट ऐक. गाडीच्या तोंडाला भुलू नकोस. जाळी, बंपर, दिवे, व्हीलकप हे सगळं बदलता येतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला नाहीतर पुण्याच्या नाना पेठेत काय हवं ते मिळतं, आणि पन्नास वर्षं चाललेली गाडी पुढून दोन-तीनदा तरी ठोकलेली असतेच. मिस्तरी हाताला लागेल ते बसवून मोकळा होतो. पण दारांचे कब्जे, छताचा उतार आणि काचांची चौकट यांना सहसा कोणी हात लावत नाही. खर्च परवडत नाही. म्हणून नजर आधी तिथे टाकायची.

फियाटचंच घे. लोक सरसकट सगळ्यांना 'पद्मिनी' म्हणतात. 1950च्या दशकातली गोलमटोल अकराशे, जिला आपल्याकडे डुक्कर फियाट म्हणतात, ती दारावरून ओळखायची. तिच्या पुढच्या दाराची मूठ पुढच्या टोकाला असते, आरशाच्या बाजूला. पुढचं आणि मागचं दार, दोन्ही मधल्या खांबालाच टांगलेली. चालत्या गाडीत पुढच्याचा खटका सुटला तर वारा दार सताड उघडून टाकतो, म्हणून जुने मालक बसल्याबसल्या ते दोनदा ओढून बघतात. मालक असं करताना दिसला की समजायचं, गाडी रोजच्या वापरातली आहे. 1964ची डिलाइट आणि तिच्यापासून पुढे आलेली पद्मिनी यांची दारं मात्र आजच्यासारखी, कब्जे पुढे. या दोघींच्या मध्ये थोडाच काळ हीच गाडी 'प्रीमियर प्रेसिडेंट' नावाने विकली गेली. मागच्या डिकीवर ते नाव दिसलं तर थांब, बाकीचं काम नंतर.

काळ्यापिवळ्या फियाट गेल्या म्हणून पद्मिनी संपली, असं तुला दहाजण सांगतील. खरं नाही. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली, आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर 2023च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. पण ही मुदत टॅक्सीची. खाजगी गाडी पंधरा वर्षांनी पुन्हा नोंदवून, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून चालवता येते. दादर पारशी कॉलनीत, फाइव्ह गार्डन्सच्या कडेने सकाळी एक चक्कर मार म्हणजे कळेल.

नंबराविषयी. 1989च्या आधी महाराष्ट्रात 'एमएच-12' वगैरे नव्हतं. तीन अक्षरं आणि पुढे आकडे. पहिलं अक्षर 'एम' असेल तर नोंदणी बहुधा महाराष्ट्राची, 'बी' असेल तर बहुधा त्याआधीच्या मुंबई राज्यातली, म्हणजे 1960च्या अलीकडची नव्हे. पूर्वी काळ्या पाटीवर रुपेरी अक्षरं असायची. आता नव्या सुरक्षा पाट्या लागल्या, तेव्हा पाटीच्या रंगावर विसंबू नकोस, अक्षरं वाच. आणि उलट फसू नकोस: दुसऱ्या राज्यात नेऊन पुन्हा नोंदवलेल्या साठ वर्षांच्या गाडीलाही नवा नंबर असू शकतो. 2021पासून पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी 'व्हीए' अक्षरांची वेगळी मालिका आहे. पण तो नंबर घेतला की गाडी रोज फिरवायला बंदी. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. त्यामुळे रोज ऑफिसला जाणाऱ्या गाडीवर तो शोधायचाच नाही.

अँबेसेडर आणि तिच्या आधीची लँडमास्टर यांच्यात घोळ होतो. मागून बघ. लँडमास्टरची पाठ गोल उतरते, अँबेसेडरला मागच्या दिव्यांपाशी हलकी शेपटी उभी राहते. स्टँडर्ड हेराल्डचं बॉनेट मडगार्डांसकट अख्खं पुढे उलटतं, म्हणून दाराच्या थोडं पुढे दोन्ही बाजूंना बाहेरून खटके दिसतात. चार दारांची हेराल्ड दिसली तर ती मद्रासचीच. विलायतेत ती बनलीच नाही. काँटेसावर मी वेळ घालवणार नाही. पोरं उगाच डोक्यावर घेतात.

वेळ कोणती? रविवारी सकाळी साडेसहा ते साडेआठ. त्यामागे कारण आहे. जुन्या गाड्यांना दुपारचं ऊन आणि खोळंबलेली वाहतूक सोसत नाही. पेट्रोल पंपातच वाफ धरतं आणि इंजिन बंद पडतं. खंडाळ्याच्या घाटात पूर्वी बॉनेट वर करून, इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून उभ्या गाड्यांची रांग असायची ती याचसाठी. आजही रस्त्याकडेला असं फडकं दिसलं तर गाडी बघून घे, आणि मालकाला पाण्याची बाटली दे. फोटो मग तोच काढू देईल.

वर्षातला सर्वांत चांगला दिवस दसरा. एरवी गॅरेजात असणाऱ्या गाड्याही त्या दिवशी धुवून, झेंडूची माळ घालून दारात येतात. कोल्हापूरला तर छत्रपती घराण्याची मेबॅक दसरा चौकात येते. पण तिथे गर्दी. तू आपल्या जुन्या पेठांतल्या बोळांतून पायी हिंड. लग्नाला भाड्याने आलेली पांढरी लांबलचक गाडी मात्र वहीत लिहू नकोस, तिच्या आत बहुतेक वेळा दुसरंच इंजिन असतं.

गोव्याला गेलीस तर पणजीपेक्षा गावांतल्या जुन्या घरांच्या पडव्या बघ. 1961पर्यंत पोर्तुगीज अंमल होता, त्यामुळे आपल्याकडे न आलेल्या परदेशी गाड्या तिथे आल्या. मर्सिडीज टॅक्सी म्हणून चालायच्या.

मालक भेटला तर "विकायची आहे का?" हे कधीही विचारू नकोस. त्याला ते दिवसातून तीनदा ऐकावं लागतं. "मिस्तरी कोण?" असं विचार. माणूस खुलतो, आणि मिस्तरीकडे गेलीस की आणखी चार गाड्यांचा पत्ता लागतो. गाडीला टेकायचं नाही, बोट लावायचं नाही. फोटो कुणाला पाठवलास तर नंबर झाक आणि गल्लीचं नाव सांगू नकोस. जुन्या गाड्यांचे दिवे आणि बिल्ले चोरीला जातात.

आणि एक. सगळे फियाटमागे धावतात, पण माझ्या मते आज खरी दुर्मीळ म्हणजे पहिली मारुती, 1983 अखेरीस आलेली एसएस80. 1986ला तिचं रूप बदललं, त्यामुळे जेमतेम तीन वर्षांचंच उत्पादन. तिला कोणी जपली नाही, मोडीत घातली. धडक्या अवस्थेतली एखादी दिसली तर आधी मला फोन कर.