बागेचे मालक आणि सिमेंटचा भाव : संगनमत का मोडते?



पवित्र कुरआनच्या सूरह अल्-कलममध्ये (68 : 17 ते 33) एका बागेच्या मालकांचा वृत्तांत आला आहे. पहाटेच फळे तोडून घ्यायची, अशी शपथ त्यांनी आपापसांत घेतली. 'अल्लाहची इच्छा असेल तर' एवढेही त्यांनी म्हटले नाही. एकही गरजू आत येऊ नये म्हणून ते दबक्या आवाजात बोलत निघाले. बागेपाशी पोहोचले तेव्हा ती रात्रीतूनच उद्ध्वस्त झालेली होती. त्यानंतर कुरआन एक बारकावा नोंदवतो : काल एकमताने शपथ घेणारे हे लोक आज एकमेकांना दोष देऊ लागले.

कृतघ्नता आणि गरिबाचा हक्क डावलणे यांचा परिणाम दाखवणे, हा या आयतींचा मूळ बोध आहे. परंतु ज्याचा हेतू इतरांना वंचित ठेवणे हा असतो, त्या एकजुटीचे आतले स्वरूपही त्यांतून उघड होते. बाजारातील अशा एकजुटीला आज 'कार्टेल' म्हणतात. एकमेकांचे प्रतिस्पर्धी असलेले विक्रेते गुपचूप एकत्र येतात, भाव ठरवतात, माल कमी काढतात किंवा गिऱ्हाइके वाटून घेतात. असे करार बहुधा आतूनच का फुटतात, हे आज आपण समजून घेऊ.

खोताच्या वाडीपासून सिमेंट हाऊसपर्यंत

गिरगावातील खोताची वाडी आपणांपैकी अनेकांनी पाहिली असेल. अरुंद गल्ली, लाकडी सज्जे, बाहेरून चढणारे जिने, उतरती कौलारू छपरे; मुंबईत सिमेंटचे राज्य येण्यापूर्वीची ही बांधणी. वाडीतून निघून चर्नी रोड स्थानकापाशी आलो की महर्षी कर्वे मार्ग लागतो आणि तोच रस्ता चर्चगेटजवळच्या 'सिमेंट हाऊस'कडे नेतो. ए.सी.सी. या सिमेंट कंपनीचे मुख्यालय दीर्घकाळ तेथे होते. या कंपनीचा जन्मच आपल्या विषयाचा धडा आहे.

1914 मध्ये पोरबंदरच्या कारखान्यातून सिमेंट बाहेर पडू लागले. पहिल्या महायुद्धाच्या काळात या धंद्यात चांगला नफा झाला आणि तो पाहून नवे कारखाने उभे राहिले. युद्धानंतर मागणीपेक्षा उत्पादनक्षमता अधिक झाली. कारखानदार एकमेकांचे भाव पाडू लागले आणि काही कंपन्या बुडाल्या. तेव्हा 1925 च्या सुमारास उत्पादकांनी भाव सांभाळण्यासाठी संघटना स्थापन केली. 1930 मध्ये सामाईक विक्रीसाठी 'सिमेंट मार्केटिंग कंपनी ऑफ इंडिया' निघाली आणि प्रत्येक कारखान्याचा विक्रीचा हिस्सा ठरला. अशा कराराला मनाई करणारा स्पर्धा कायदा तेव्हा भारतात नव्हता. तरीही केवळ करारावर भागले नाही. अखेर 1936 मध्ये टाटा, खटाव, किलिक निक्सन आणि एफ. ई. दिनशा या चार गटांच्या दहा कंपन्या विलीन होऊन ए.सी.सी. स्थापन झाली. पुढे दालमिया गटाने स्वतःचे कारखाने काढताच भावयुद्ध पुन्हा पेटले आणि नंतर पुन्हा समझोत्याची वेळ आली.

मालक वेगळे आणि हिशेबाच्या वह्या वेगळ्या असतील, तोवर भावाचा करार टिकवणे किती कठीण असते, हे यावरून दिसते.

करार मोडण्याची कारणे

एक साधा हिशेब करू. समजा, एका गावात सिमेंटचे चार व्यापारी आहेत. एका गोणीचा खर्च 300 रुपये. चौघांनी 400 रुपये भाव ठरवला आणि प्रत्येकाच्या 100 गोण्या खपल्या. प्रत्येकाचा नफा 10,000 रुपये. आता त्यांच्यातील एकाने गुपचूप 380 रुपयांनी विक्री केली आणि त्याच्या 150 गोण्या खपल्या, तर त्याचा नफा 12,000 रुपये होतो. उरलेल्या तिघांनी शब्द पाळला, म्हणूनच त्याला ही संधी मिळाली! पण असा विचार चौघेही करू शकतात. लोभाने त्यांना एकत्र आणले आणि तोच लोभ प्रत्येकाच्या कानात फितुरीचा सल्ला देतो.

दुसरे कारण म्हणजे ही फितुरी लपवता येते. पावतीवर ठरलेलाच भाव लिहायचा; मात्र वाहतूक फुकट करायची, उधारीची मुदत वाढवायची किंवा दहा गोण्यांवर एक जादा द्यायची. एखाद्याचा खप घटला की मंदी आली की शेजाऱ्याने दगा दिला, हे त्याला कळत नाही. संशय येताच तोही भाव उतरवतो.

तिसरे, सर्वांची परिस्थिती सारखी नसते. ज्याचा खर्च कमी, त्याला कमी भाव परवडतो. ज्याच्यावर कर्ज आहे, त्याला आजच रोकड हवी असते. ज्याने कारखाना वाढवला, त्याला मोठा हिस्सा हवा असतो. चौथे, चढा भाव बाहेरच्याला खुणावतो आणि कराराशी बांधील नसलेला नवा विक्रेता बाजारात उतरतो. पाचवे, दाद मागायला जागा नसते. ज्या कराराचा हेतूच बेकायदा, तो पाळायला लावा म्हणून कोणत्या न्यायालयात जाणार?

आजचा कायदा याच परस्पर अविश्वासाचा उपयोग करतो. स्पर्धा अधिनियम, 2002 नुसार जो सभासद आधी येऊन महत्त्वाची माहिती उघड करतो, त्याला दंडात मोठी, प्रसंगी पूर्ण सूट मिळू शकते. 2018 मध्ये टॉर्चमध्ये वापरल्या जाणाऱ्या बॅटरी सेलच्या प्रकरणात भारतीय स्पर्धा आयोगाने तीन कंपन्यांना दोषी ठरवले. प्रथम माहिती देणाऱ्या पॅनासोनिकला दंडातून पूर्ण सूट मिळाली. एव्हरेडीला 171 कोटींहून अधिक दंड झाला.

फिकहची दूरदृष्टी

हे मर्म आपल्या फकीहांनी फार पूर्वी ओळखले होते. इमाम मरगीनानी (मृत्यू 1197) यांच्या 'हिदाया' या ग्रंथात मालमत्तेची वाटणी करून देणाऱ्या मोजणीदारांविषयी एक मसला आहे. काजीने त्यांना आपसांत भागीदारी करू देऊ नये. ते एक झाले तर मोबदला महागेल. वेगळे राहिले तर काम हातचे जाईल या भीतीने प्रत्येक जण पुढे येईल आणि मोबदला उतरेल. इमाम इब्ने तैमिया (मृत्यू 1328) यांनी हाच न्याय विक्रेत्यांच्या संगनमताला लावला. सूरह अल्-माइदाच्या दुसऱ्या आयतीतील कसोटीही हीच आहे : सहकार्य पुण्यकर्मात व ईशभयात करावे, पापात आणि अतिरेकात करू नये.

दिलेल्या शब्दाचे काय?

येथे एक प्रश्न उभा राहतो आणि तो आपल्या दुकानापर्यंत येतो. समजा, बाजारातील संघटनेच्या बैठकीत सर्वांनी भाव चढा ठेवण्याचे ठरवले आणि आपणही मान डोलावली. शब्द पाळणे हे तर श्रद्धावंताचे लक्षण आहे. मग काय करावे? तिर्मिज़ीतील हदीसचा आशय असा आहे की, मुसलमान आपल्या अटींना बांधील असतात. मात्र हलालला हराम किंवा हरामला हलाल ठरवणारी अट त्याला अपवाद आहे. गिऱ्हाइकाची अडवणूक करण्याचा शब्द बंधनकारक नाही; तो देणे हीच चूक आहे.

पण त्यातून बाहेर पडण्याचे मार्ग दोन आहेत आणि त्यांत मोठे अंतर आहे. बैठकीत होकार देऊन मागील दाराने सवलत वाटणारा व्यापारी करार मोडतो खरा. परंतु तो साथीदारांना फसवतो आणि चढ्या भावाचा लाभही घेत राहतो. दुसरा उघडपणे म्हणतो, "भाईसाहेब, दर्जा, वजनमाप, बाजाराची स्वच्छता यांसाठी मी आपल्याबरोबर आहे, भाव मात्र माझा मी ठरवीन." पहिल्याला लोभाने सोडवले, दुसऱ्याला ईशभयाने. बागेच्या मालकांतही एक समंजस माणूस होता. त्याने अल्लाहच्या स्मरणाची आठवण करून दिली होती. परंतु इतरांनी ती मनावर घेतली नाही.

'असे करार आपोआप मोडतात, मग काळजी कशाची?' असे मात्र कोणी म्हणू नये. काही करार वर्षानुवर्षे टिकतात, आणि मोडेपर्यंतच्या काळात गळके छप्पर दुरुस्त करणारी विधवा आणि मुलीच्या लग्नापूर्वी एक खोली बांधणारा मजूर चढा भाव मोजत असतात. करार फुटल्यावर व्यापारी पुन्हा धंद्याला लागतात. त्या दोघांचे पैसे परत येत नाहीत. ती बाकी कयामतच्या हिशेबात उभी राहते.

म्हणून पुढच्या बैठकीस जाण्यापूर्वी स्वतःला एवढेच विचारा : येथे जे ठरणार आहे, ते मी माझ्या गिऱ्हाइकासमोर मोठ्याने सांगू शकेन काय? जे सांगताना आवाज दबका होतो, त्यापासून दूर राहणे हिताचे.

अल्लाह आपणा सर्वांच्या कमाईत हलाल बरकत देवो. आमीन.