आश्रयार्थींच्या नोंदी कशा वाचाव्यात?

गावच्या दवाखान्यातील नोंदवहीत भर पावसाळ्यात रुग्णांची संख्या एकाएकी घटलेली दिसली, तर गावात आजार कमी झाले असा निष्कर्ष लगेच काढता येत नाही. ओढ्याला पूर येऊन वाट बंद झाली, हेही त्याचे कारण असू शकते. जीव वाचविण्यासाठी परक्या देशात आलेल्या आश्रयार्थींच्या नोंदी वाचतानाही हीच दक्षता घ्यावी लागते. ब्रिटनमधील एका सेवाभावी संस्थेच्या उदाहरणावरून हे स्पष्ट होईल.

आश्रयार्थी म्हणजे कोण?

वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांमुळे छळ होण्याची साधार भीती असल्याने जो स्वदेशाबाहेर आहे व परत जाऊ शकत नाही, तो निर्वासित, अशी व्याख्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने केली. ज्याने असे संरक्षण मागितले आहे, परंतु ज्याच्या अर्जाचा निर्णय व्हावयाचा आहे, तो आश्रयार्थी होय.

संस्थेचे कार्य

१९४५ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, हेलन बॅम्बर जर्मनीतील बर्गन-बेल्सन छळछावणीतून वाचलेल्यांच्या मदतीसाठी गेल्या. पुढे १९८५ मध्ये त्यांनी छळग्रस्तांच्या शुश्रूषेसाठी लंडन येथे एक वैद्यकीय संस्था स्थापन केली. २०११ पासून ती ‘फ्रीडम फ्रॉम टॉर्चर’ या नावाने ओळखली जाते. वकील, डॉक्टर व अन्य संस्था यांच्या शिफारशीने छळग्रस्त येथे येतात. त्यांना मानसोपचार मिळतात. तसेच शरीरावरील व्रण व मनावरील आघात तपासून डॉक्टर न्यायवैद्यक अहवाल तयार करतात. छळ करणारा आपल्या कृत्याचा कागद देत नाही. त्यामुळे आश्रयाच्या अर्जात अशा अहवालाचे मोल फार मोठे असते.

चढउतारांची कारणे

शिफारशींच्या संख्येवर मूळ देशातील परिस्थितीचा परिणाम होतो, हे उघड आहे. तथापि तो नेहमी अपेक्षेप्रमाणे होत नाही. श्रीलंकेतील यादवी युद्ध मे २००९ मध्ये संपले. तरी त्यानंतरही तेथील छळग्रस्त या संस्थेकडे येत राहिले. युद्धोत्तर काळातील या छळाविषयी संस्थेने २०१५ मध्ये स्वतंत्र अहवाल प्रसिद्ध केला.

दुसरे कारण आश्रय देणाऱ्या देशाच्या व्यवस्थेत असते. ब्रिटनमध्ये १९९९ च्या कायद्यानंतर निराधार आश्रयार्थींना लंडन परिसराबाहेर ग्लासगो, मँचेस्टर, न्यूकॅसल यांसारख्या शहरांत पाठविण्यात येऊ लागले. अशा शहरात शिफारशी वाढल्या, तर त्यामागे जगातील छळाची वाढ नसून केवळ निवासाचा बदलही असू शकतो.

तिसरे कारण वाटेतील अडचणींचे. आश्रयार्थीस वकील मिळाला नाही, दुभाषी नसला, किंवा २०२० च्या महासाथीप्रमाणे प्रत्यक्ष भेटीच अवघड झाल्या, तर गरज कायम राहूनही नोंदी घटतात.

मोजणीची पद्धत

आकड्यांची तुलना करताना गणना कोणाची झाली, हे पाहणेही अगत्याचे आहे. ब्रिटनमध्ये २००२ साली ८४,१३२ मुख्य अर्जदारांनी आश्रय मागितला. त्यांच्यावर अवलंबून असलेले कुटुंबीय धरता हाच आकडा १,०३,०८१ होतो. २०२४ मध्ये कुटुंबीयांसह १,०८,१३८ व्यक्तींनी आश्रय मागितला. हा आकडा २००२ च्या पहिल्या आकड्याशी ताडून पाहिला, तर वाढ सुमारे २४ हजारांची भासते. योग्य आकड्याशी ताडता ती सुमारे पाच हजारांचीच ठरते.

निष्कर्ष

ही चूक केवळ गणिताची राहत नाही. नोंदी घटल्या म्हणून एखादे केंद्र बंद केले, तर वाटेत अडलेल्या छळग्रस्ताचा उरलासुरला आधारही जातो. वाढ फुगवून सांगितली, तर लोकांच्या मनात अकारण धास्ती उत्पन्न होते. म्हणून अशी आकडेवारी हाती आल्यावर अधिकाऱ्यांनी व शिक्षकांनी तीन प्रश्न अवश्य विचारावेत : मोजले कोणाला? पाठविले कोणी? आणि गरज असूनही पोहोचू शकले नाही असे कोण राहिले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नोंदवहीत सापडत नाही. त्यासाठी वस्तीत जाऊनच चौकशी करावी लागते.